दिवेघरातला रिकामा खिळा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझी दोन पत्रं आली आणि मी सहा आठवडे गप्प बसलो, त्याबद्दल आधी माफी मागतो, मग बाकीचं लिहितो. तू रागावली असशील. रागावली नसशील तर काळजीत असशील, आणि ते जास्त वाईट. उशिराचं कारण विशेष काही नाही. पेन बिघडलं होतं. दुसरं आणलं तर ते कागद ओरबाडतं. शिवाय यंदा थंडी फार होती आणि थंडीत माझी बोटं वळत नाहीत, हे तुला माहीतच आहे. अक्षर जरा वाकडं दिसलं तर पेनाला दोष दे.

तू विचारलंस की खाण बंद होऊन बावीस वर्षं झाली, आता त्या गावात उरलंय काय, आणि मी कुणाच्या भरवशावर राहतो. दोन्ही पत्रांत तेच विचारलंस, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

दिवेघर आहे. जिथे मी एकतीस वर्षं खाणीत उतरणाऱ्यांना खिडकीतून दिवे दिले तिथे आता वाचनालय आहे. छपराला दोन ठिकाणी ओल आली आहे. मी वाचनालयाच्या बाईंना रोज सांगतो की खाली पुस्तकं ठेवू नका, त्या रोज म्हणतात ठेवलेली नाहीत. न्हाणीघर आहे. पाळी सुटली की दोनशे माणसं जिथे काळी होऊन शिरायची आणि ओळखीची होऊन बाहेर यायची, तिथे आता कपडे धुवायची चार यंत्रं लावली आहेत. त्यातलं एक फार थरथरतं, एक दिवस चालत रस्त्यावर येईल अशी मला भीती आहे. तिथल्या बायका भल्या आहेत, कपडे घरी आणून देतात. दवाखान्यात नर्सबाई आठवड्यात तीन दिवस असतात आणि गुरुवारी डॉक्टर येतात. बस दिवसातून दोनदा. आधी तीनदा होती. एकदा होईल की काय, म्हणून मी रोज थांब्यावरचा कागद वाचायचो.

आणि बिल्ले आहेत. तू मागच्या उन्हाळ्यात तीन दिवस आलीस तेव्हा फळी पाहिलीस, पण तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं. खाणीत खाली उतरताना प्रत्येक जण आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात टाकायचा आणि वर आला की परत टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. सगळे खिळे भरल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही. आता तीच फळी आम्ही एकट्या राहणाऱ्यांसाठी वापरतो. असे आम्ही एकोणीस जण आहोत. संध्याकाळी आपापला बिल्ला घरी न्यायचा, सकाळी दहाच्या आत आणून टांगायचा. दहा वाजता बाई फळी बघतात. ज्याचा खिळा रिकामा, त्याच्या घरी कुणीतरी लगेच जातं. ही युक्ती मी आणि नर्सबाईंनी मिळून काढली. तेव्हा भरवसा कुणाचा, ते तुला कळलं असेल.

शेजारचा सुतार आणि सुतारीण बरे आहेत. ती दुपारचं गरम जेवण पाठवते. मी नको म्हणतो, ती ऐकत नाही. बँडवाल्यांनी सरावाची जागा बदलली, आता माझ्या खिडकीखाली वाजवतात. मोठा कर्णा वाजवणाऱ्याचा श्वास अजून तोकडाच आहे. भिंतीतली भेग वाढलेली नाही. खालची जमीन बसते तशा इथल्या सगळ्याच भिंती तडकतात, पण माझी भिंत नोव्हेंबरच्या रेघेवरच आहे. पुढची तारीख घातलेली नाही, पण खालून बघतो.

उन्हाळ्यात बसमध्ये चढताना तू जे वचन घेतलंस ते माझ्या लक्षात आहे. त्याचा विषय पुन्हा काढायची गरज नाही.

तू कशी आहेस ते दोन ओळींत उरकतेस. नीट लिही.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पेनाला दोष दे म्हणतोस. तुला अक्षर कुणी शिकवलं? तू शाळा सोडलीस तेव्हा तुला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं. बाबांनी खाण सोडताना घरी आणलेल्या बिल्ल्यावरचे आकडे दाखवून दाखवून मी तुला मोजायला शिकवलं आणि मग पाटीवर हात धरून लिहायला. तुझं अक्षर घाबरतं तेव्हा कसं दिसतं, आळसावतं तेव्हा कसं दिसतं, मला सगळं माहीत आहे. हे अक्षर दुखतंय.

आता माझे प्रश्न. आयुष्यभर स्वतःचे कपडे स्वतः धुणारा माणूस बायकांना ते घरी आणून का देऊ देतो? जो स्वतःच्या हातचं सोडून कुणाचं खात नाही, त्याला सुतारीण रोज जेवण का पाठवते? बँडवाल्यांना सगळं गाव सोडून तुझीच खिडकी का सापडली? बसचा कागद तू रोज ‘वाचायचो’ म्हणतोस, आता का वाचत नाहीस? आणि भेग. दर महिन्याच्या एक तारखेला स्टुलावर चढून तू तिच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारतोस आणि तारीख घालतोस. बायको गेली त्या महिन्यातसुद्धा घातलीस. मग डिसेंबर कुठे गेला? जानेवारी कुठे गेला?

तू पडलास.

वचन काय होतं ते मी लिहूनच ठेवते, म्हणजे विसरायला सोपं जाणार नाही. ‘ताई, मी एकदा जरी पडलो तरी मुकाट्याने तुझ्याकडे राहायला येईन.’ तू माझा हात धरून बोललास, आणि बसचा वाहक साक्षीला होता, त्याला घाई झाली होती तरी.

खोली तयार आहे. नववा मजला आहे, खिडकीतून अख्खं शहर दिसतं. लेक आणि सून दिवसभर कामावर असतात, आपल्याला कुणाचा त्रास नाही. महिनाअखेरीस लेक गाडी घेऊन येईल. त्याआधी मला खरं काय ते लिही, सगळं लिही. पेनाबद्दल एक अक्षर नको.

मी बरी आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

पडलो.

आता सगळं लिहितो. लिहायला तीन दिवस लागले, कारण मनगट अर्ध्या तासाने फुगतं. उजवं मोडलं होतं. प्लास्टर जानेवारीच्या शेवटी काढलं. कंबरेला मुका मार बसला, त्यामुळे अजून काठी घेऊन घरातल्या घरातच चालतो. हाड तिथलं शाबूत आहे, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं म्हणून.

एक डिसेंबर. सकाळी आठच्या सुमारास स्टुलावर चढलो, भेगेच्या टोकाशी पेन्सिल टेकवली, आणि स्टूल एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. पाय हलेना. दार तीन पावलांवर होतं, पण तीन पावलं कुणी टाकायची? बाहेरून सुतार साद घालत नाही, तो सकाळीच कामावर जातो. सुतारीण त्या आठवड्यात लेकीकडे गेली होती. मी ओरडून पाहिलं. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे. खिडकीबाहेर मांजर बसलं होतं, तेसुद्धा उठलं नाही.

आधी मी घाबरलो नाही, हे तुला खरं वाटणार नाही. मनात म्हटलं, दहा वाजू देत. दहाला बाई फळी बघतील, खिळा रिकामा दिसेल, कुणीतरी येईल. दोन तासांचा प्रश्न आहे. जमिनीवर पडल्या पडल्या मी आपल्या युक्तीवर खूष होतो. आणि मग आठवलं.

ताई, माझा बिल्ला फळीवरच होता.

हे कसं झालं ते समजून घे. खाणीत नियम असा होता की तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा बिल्ला फळीवर हवा, तो वर काम करो की खाली. माझाही होता. पण मी दिवे देणारा. मी एकतीस वर्षांत एकदाही खाली उतरलो नाही, म्हणून माझा बिल्ला एकतीस वर्षांत एकदाही खिळ्यावरून निघाला नाही. तो काढायचा असतो हे माझ्या हातालाच ठाऊक नाही. नवी पद्धत सुरू झाली तेव्हा मी बाकीच्या अठरा जणांना संध्याकाळी दारात उभा राहून विचारायचो, बिल्ला घेतला का, खिशात आहे का, खिशाला भोक नाही ना. शिवणवाली म्हातारी चिडायची. म्हणायची, ‘दिवेवाले, बिल्ला गिळून दाखवू का?’ आणि या सगळ्यांना वाटेला लावून मी घरी यायचो, माझा बिल्ला तिथेच लटकत ठेवून. तीन वर्षं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी रोज सगळ्यांच्या आधी हजर असायचो.

घड्याळात दहा वाजले. कुणी आलं नाही. मला डोळ्यांपुढे बाई दिसत होत्या. फळीवरून नजर फिरवतात, एकोणीस भरलेले, आणि पुस्तकं लावायला जातात. सगळी माणसं वर आलेली आहेत. तेव्हा मात्र घाबरलो. किती घाबरलो ते लिहीत नाही.

आता पुढचं मला बाईंनी सांगितलं ते सांगतो. तुला चाकवाला आठवत असेल. खाणीच्या तोंडावरचं मोठं चाक तो चालवायचा, माणसांचा लोखंडी पिंजरा खाली सोडायचा आणि वर घ्यायचा. उंच, खांदे पडलेला, कुणाशी धड न बोलणारा. तो रोज अकराला वर्तमानपत्र वाचायला येतो. दारात उभा राहून रोज एकच विचारतो, ‘काय दिवेवाले, अजून उजेड आहे का?’ मी रोज एकच उत्तर देतो, ‘तुझ्यापुरता आहे.’ बावीस वर्षांत याच्यापलीकडे आमचं फारसं बोलणं नाही. मला वाटायचं तो मला हिणवतो. खाली न उतरलेला माणूस, म्हणून.

त्या दिवशी तो आला, विचारलं, आणि उत्तर नाही. माझी खुर्ची रिकामी. बाई म्हणाल्या, ‘आले असतील, इकडेतिकडे असतील. बिल्ला आहे की त्यांचा.’

तो फळीकडे गेला नाही. आमच्याकडे कपाटावर एक जुना दिवा मांडून ठेवलेला आहे, त्याच्याकडे गेला. शाळेतली पोरं येतात आणि त्याच्या काचेला बोटं लावतात. मी रोज सकाळी आल्या आल्या ती काच पुसतो. काळ्या काचेचा दिवा मी कधी कुणाच्या हातात दिला नाही, ती सवय आहे. त्या दिवशी काचेवर आदल्या दिवशीची बोटं तशीच होती.

तो म्हणाला, ‘बाई, दिवेवाला आलेला नाही.’

‘अहो, पण बिल्ला...’

‘बिल्ला खोटं बोलेल. काच बोलणार नाही. नर्सला बोलवा.’

आणि स्वतः निघाला. ताई, त्याच्या छातीत कोळशाची धूळ आहे. माझ्या घराचा चढ तुला माहीत आहे, तुलाच उन्हाळ्यात दोनदा बसावं लागलं. तो तीनदा थांबला, पण कुणासाठी थांबला नाही, नर्सबाई मागून धावत आल्या तरी तो पुढेच होता. दार उघडेना. मी आतून दोन कड्या, एक साखळी आणि खाली लाकडी अडसर लावतो. नर्सबाई म्हणाल्या, ‘या माणसाकडे चोराने न्यायचं तरी काय आहे?’ मी आतून ते ऐकत होतो. शेवटी सुताराला कामावरून बोलावून खिडकीची चौकट काढावी लागली.

चौकट निघाली आणि चाकवाल्याचं डोकं आत आलं. धाप लागलेली, ओठ निळे. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, ‘काय दिवेवाले, अजून उजेड आहे का?’

मी म्हटलं, ‘तुझ्यापुरता आहे.’

मग त्याने तोंड बाहेर वळवलं आणि नर्सबाईंना म्हणाला, ‘शुद्धीवर आहे.’

यानंतर माझं काय चाललंय ते तू ओळखलंसच. कपडे, जेवण, सगळं. बँडवाले आले ते यासाठी की मला दिवसभर एकटं वाटू नये. मी त्यांना सांगितलं की मला एकटं वाटत नाही, तरी येतात. बाई दर मंगळवारी पुस्तक आणतात आणि मी ते उघडून धरतो, कारण न वाचता परत दिलं तर त्यांना वाईट वाटेल. एक खरंच वाचलं. सुताराने चौकट परत बसवली, आता खिडकी आधीपेक्षा नीट बंद होते, आणि त्याने आतला अडसर मला न विचारता आपल्या घरी नेला. आणि चाकवाला दर रविवारी चढ चढून येतो. मी त्याला सांगतो, येऊ नकोस, तुझी छाती. तो म्हणतो, ‘चालवायला चाक नाही आता, पायच चालवतो.’ बसतो, वर्तमानपत्र वाचतो, जातो. मी त्याला एकदा विचारलं, इतकी वर्षं तू मला हिणवतोस का? तो म्हणाला, ‘मी पिंजरा सोडायचो तेव्हा मला खाली काही दिसायचं नाही. प्रत्येकाच्या हातात चांगला दिवा आहे एवढंच ठाऊक असायचं. ते तुझ्यामुळे. म्हणून विचारतो.’  तीच गोष्ट त्याने मला बावीस वर्षं रोज सांगितली आणि मला ऐकू आली नाही.

तेव्हा असं आहे. मी पडलो, आणि वचन दिलेलं आहे. मोडणार नाही. तू म्हणशील तर लेकाच्या गाडीत बसेन. दोन पेट्यांत माझं सगळं मावेल. पण ताई, मला इथून न्यायच्या आधी एकदा विचार कर. मी भित्रा आहे, गावालाही ते माहीत आहे, आणि तरी गावाने मला सांभाळून घेतलं. नवव्या मजल्यावर माझी काच कोण बघेल?

तू जे म्हणशील ते.

धाकटा


२७ फेब्रुवारी

धाकट्यास आशीर्वाद.

लेक गाडी घेऊन आला नाही हे तुला एव्हाना कळलंच असेल. मीच थांबवलं. दहा दिवस तुला लटकत ठेवलं त्याबद्दल या वेळी माफी मी मागते.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुझ्या अडसरावर हसले, तिसऱ्यांदा तुझ्यावर चिडले, आणि चौथ्यांदा स्वतःवर.

आता माझं ऐक. मी तुझ्याकडून वचन घेतलं, त्याच्या आदल्या महिन्यात मी पडले होते. न्हाणीघरात. लेक आणि सून सकाळी साडेआठला गेले आणि मी नऊला पडले. संध्याकाळी सहाला सून आली तोवर फरशीवर होते. नऊ तास. वरच्या मजल्यावरचे लोक चालत होते ते मला ऐकू येत होतं. खालचे नळ सोडत होते तेही ऐकू येत होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी शिंकलं. इतकी माणसं, धाकट्या, चारी बाजूंनी माणसं, आणि त्यातल्या एकालाही माझं नाव ठाऊक नाही. मी ओरडले नाही. काय म्हणून ओरडायचं तेच सुचेना.

पोरं वाईट नाहीत. दोघांनी सुट्ट्या काढल्या, उशाशी बसली. पण सुट्ट्या संपतात.

म्हणून मी तुझ्याकडे आले आणि तुझ्याकडून ते वचन घेतलं. मला तुझी काळजी होती असं तुला वाटलं असेल. थोडी होती. खरं म्हणजे मला घरात दिवसभर कुणीतरी हवं होतं. तू पडावंस अशी मी वाट बघत होते असं नाही, पण तुझ्या पहिल्या पत्रातलं वाकडं अक्षर दिसलं तेव्हा काळजी वाटली आणि त्या काळजीच्याच खाली कुठेतरी बरंही वाटलं. हे लिहायला मला दहा दिवस लागले. आता लिहिलं.

वचनातून तू मोकळा आहेस.

आणि आता मला सांग, दोन्ही पत्रांत मी गावात उरलंय काय, तू कुणाच्या भरवशावर राहतोस, हे कशासाठी विचारत होते? तू उत्तरं दिलीस ती सगळी स्वतःचा बचाव करायला. मी बचाव मागत नव्हते. मी चौकशी करत होते. शिवणवाली आता लेकाकडे राहायला गेल्याचं तुझ्या सुतारणीने मला उन्हाळ्यातल्या ओळखीवर कळवलं आहे. तिची खोली रिकामी आहे का? चुलीजवळ उजेड येतो का?

लेकाला सांगितलं.  तो म्हणाला, ‘आई, तिथे तुझ्याकडे रोज बघणार कोण?’ मी म्हटलं, ‘एकोणीस जण.’ शिवणवाली गेली म्हणजे अठरा, पण ते त्याला सांगितलं नाही.

फळीवर जागा आहे का?

ताई


५ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि मी काठी घेऊन, डिसेंबरनंतर पहिल्यांदा, चढ उतरून दिवेघरात गेलो. नर्सबाई तिथेच होत्या, मला बघून ओरडल्या. मी त्यांना पत्र दिलं. वाचल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

नऊ तास. मी तीन तासांचं तुला चार पानं लिहिलं आणि तू नऊ तास मनात ठेवून माझ्याच काळजीचं सोंग करत राहिलीस. मी तुला दोन्ही पत्रांत उलट समजलो. मला वाटलं तू मला उपटून न्यायला बघतेस. तू तर येण्याची वाट विचारत होतीस. मला तुझ्यावर राग नाही. माझ्या वाकड्या अक्षराने तुला बरं वाटलं असेल तर तेवढा तरी त्या मनगटाचा उपयोग झाला.

शिवणवालीची खोली रिकामी आहे. माझ्यापासून तीन दारं. चुलीजवळ सकाळी उजेड येतो, दुपारी येत नाही. मी आज दोन्ही वेळा जाऊन पाहिलं. भिंतीला एक भेग आहे, वीतभर, जुनी आहे, मी तिला रेघ मारून ठेवली आहे. स्टुलावर चढलो नाही, सुताराला चढवलं. खोलीच्या न्हाणीघरात त्याने धरायला दोन लाकडी दांडे बसवले आहेत, मी लटकून पाहिलं, हलत नाहीत. दाराला एकच कडी ठेवली आहे. मला ती पुरेशी वाटत नाही, पण सगळ्यांनी मिळून मला गप्प केलं. कपड्यांच्या यंत्रांपैकी थरथरणारं आता दुरुस्त झालं आहे, त्यामुळे मी दुसऱ्या कशाची काळजी करावी ते शोधतो आहे.

माझा बिल्ला आता मी घरी आणतो. काल संध्याकाळी पहिल्यांदा खिळ्यावरून काढला तर खाली बिल्ल्याच्या आकाराचा पांढरा डाग. बाकीचं लाकूड एवढ्या वर्षांत काळं झालेलं, तेवढंच कोरं. खिशात टाकला आणि वाटलं, चला, मीही एकदाचा खाली निघालो. चाकवाला दारातच होता. म्हणाला, ‘सांभाळून.’ खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला तो तसंच म्हणायचा. मला पहिल्यांदा म्हणाला.

फळीवर जागा आहे का, असं विचारलंस. शिवणवालीचा खिळा मोकळा होता, पण मी तो घेतला नाही, ती परत आली तर? सुताराने माझ्या खिळ्याशेजारी नवा ठोकला. बिल्ला नवा नाही. बाबांचा आहे, दोनशे बारा. माझ्या डब्यात होता. बाबा रोज तो घेऊन खाली गेले आणि रोज परत आणून टांगला, एकही दिवस चुकला नाही, आणि त्याच आकड्यांवर तू मला मोजायला शिकवलंस. तो तुझाच आहे. या पत्राबरोबर पाठवला आहे. पाकिटाला मी चार वेळा चिकटपट्टी लावली, फाडताना कात्रीने बोट कापू नकोस. प्रवासात पिशवीत ठेवू नकोस, पिशव्या हरवतात. अंगावरच्या कपड्याच्या खिशात ठेव, आणि खिशाला भोक नाही ना, ते आधी बघ.

सकाळच्या बसने ये. दुपारच्या बसची पायरी उंच आहे. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बस. मी थांब्यावर असेन. चाकवाला म्हणतो तोही येईल, आणि बँडवाले म्हणतात तेही येतील. त्यांना मी अजून होकार दिलेला नाही, कर्ण्याच्या आवाजाने तू बसमधून उतरणारच नाहीस. पण तो बिचारा कर्णेवाला रोज माझ्या खिडकीखाली श्वास लांबवायचा सराव करतो आहे, तेव्हा कसं नाही म्हणू?

फक्त एक अडचण आहे, ताई. कालपासून दोनशे बाराचा खिळा रिकामा दिसतो. बाईंना मी सांगितलं आहे की या माणसाच्या घरी धावू नका, ती वाटेत आहे. त्या समजल्या. पण मी काय करू? रिकामा खिळा मागे टाकून मी कधी घरी गेलेलो नाही. काल सगळे गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो, शेवटी चाकवाला परत आला, माझ्या हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, ‘चल, ती वर येतेच आहे.’ घरी गेलो, पण जेवण गेलं नाही.

तेव्हा कुठल्या दिवशीची बस, तेवढं एका ओळीत का होईना, लवकर कळव.

धाकटा